नवाबाचा घास

गेल्या वर्षी ईदुल फित्रनंतर चौथ्या दिवशी माझा मुलगा मुंबईहून परतला. बरोबर त्याचा मामू होता. कपड्यांची बॅग मामूच्या खांद्यावर आणि मुलाच्या हातात थर्माकोलचा एक डबा. कोकण रेल्वेच्या अख्ख्या प्रवासात त्याने तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता म्हणे. घरात पाऊल टाकताच, सलाम करायच्या आधी तो म्हणाला, “अम्मी, दिवा लावू नको. त्याचे डोळे दिपतील.”

डब्यात प्राणवायू भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीच्या तळाशी माझ्या तर्जनीएवढा एक मासा. मी राजिवड्याची, दालदी कोळ्यांच्या घरातली मुलगी. मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरणारा मासा लहानपणापासून पाहिलेला. पण असा मासा मी कधी पाहिला नव्हता. गडद निळं अंग, त्यावर नारिंगी आणि हिरवट नागमोडी रेघा. जणू कोणी जरीकाम केलेला अंगरखाच घातला आहे. मँडारिन असं त्याचं नाव. चीनच्या जुन्या दरबारातल्या अधिकाऱ्यांच्या झग्यांवरून ते पडलं आहे. माझ्या मुलाने तेवढ्याच रुबाबाचं दुसरं नाव ठेवलं, नवाब.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी आधीपासून होती. माझ्या नणंदेचा मुलगा नोकरीसाठी कतारला गेला तेव्हा त्याने ती आमच्या हवाली केली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, जेमतेम सत्तर लिटर पाण्याची. तळाशी वाळू, चार-पाच समुद्री दगड आणि दोन क्लाउनफिश. वर्षभर ती नीट चालली होती. पाणी उडून कमी झालं की गोडं पाणी घालायचं, कारण उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. दर पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी बदलायचं. तेरा वर्षांच्या मुलाच्या मानाने माझा मुलगा हे काम मनापासून करत होता. म्हणून सगळी ईदी त्याने एका माशावर घालवली, तेव्हा मी रागावले खरी, पण फार ताणून धरलं नाही.

“खातो काय हा?” मी एवढंच विचारलं.

“दुकानदार म्हणाला, सगळं खातो.”

नवाब काहीच खात नव्हता. टाकीत दाणे टाकले की दोन्ही क्लाउनफिश झेपावायचे आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं फस्त. नवाब मात्र खाली दगडाजवळ पंख हलवत जागच्या जागी तरंगत राहायचा. शेजारून दाणा खाली गेला तरी त्याच्याकडे बघायचा नाही. मध्येच दगडावर तोंड नेऊन अगदी हलकेच एक टोचा मारायचा, पुढे सरकायचा, पुन्हा टोचा मारायचा. आम्हाला वाटलं, खेळतो आहे. नव्या जागेला बुजला असेल, दोन दिवसांत खाईल. मुलगा दाणे बोटांनी चुरून द्यायला लागला. मग मी बाजारातून ताजा जवळा आणून बारीक चिरून दिला. क्लाउनफिशची चंगळ झाली. नवाब तसाच.

असे बारा-तेरा दिवस गेले. मग माझा एक जुना विद्यार्थी ईदच्या भेटीसाठी घरी आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा माझ्या हाताखालून चौथीपर्यंत गेलेला, पुढे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेला. शीरखुर्मा हातात घेऊन तो टाकीसमोर उभा राहिला आणि त्याचा चमचा तसाच थांबला.

“बाई, हा कधीपासून इथं आहे?”

मी सांगितलं. त्याने वाटी खाली ठेवली, टाकीवरचं झाकण काढलं आणि मुलाला स्टुलावर चढवून म्हणाला, “समोरून बघू नको. वरून बघ. डोक्याच्या मागे त्याची पाठ कशी दिसते?”

“सुरीसारखी,” मुलगा म्हणाला.

समोरून पाहताना ते रंगच इतके भरलेले होते की आतला मासा रिकामा होत चालला आहे हे आम्हाला दिसलं नव्हतं. वरून पाहिल्यावर डोकं मोठं आणि मागचं अंग कागदासारखं झालेलं लगेच कळलं. बाजूने बघितलं तर पोट आत गेलेलं. मला स्वतःचीच लाज वाटली. शाळेत मी मुलांची उंची-वजनं घेते, नोंदी ठेवते. पोषण आहाराची खिचडी कोण टाकतं यावर माझं लक्ष असतं. गणवेश नवा असला तरी मनगट बघून मूल अशक्त आहे हे मी ओळखते. आणि माझ्या दिवाणखान्यात एक जीव पंधरवडाभर उपाशी होता.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने मला शिकवलं. हा मासा फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडच्या प्रवाळ खडकांमध्ये राहतो. त्याचं अन्न म्हणजे कोपेपॉड, म्हणजे दगडांवर आणि शेवाळात राहणारे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव. मोठ्यात मोठा साधारण मिलिमीटरभर. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हा मासा ते एकेक करून टिपत असतो. दोन वेळा पोटभर जेवून थांबणं त्याच्या शरीराला जमत नाही. त्याचं पोट छोटं, घास छोटा आणि जेवण दिवसभराचं. मोठ्या, जुन्या टाकीत हे जीव आपोआप वाढत राहतात. आमच्यासारख्या सत्तर लिटरच्या टाकीत जे काही होते ते त्याने पहिल्या आठवड्यातच संपवले असणार. आता तो रिकाम्या दगडांवर टोचत होता.

“दाणा हे त्याच्या दृष्टीने अन्नच नाही, बाई. तो नखरे करत नाहीये. त्याला ते ओळखूच येत नाही.”

विद्यार्थी गेला. रात्री इशाच्या नमाजनंतर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “अम्मी, आपलं त्या मांजरवाल्या बाईसारखं नाही ना होणार?”

ही हदीस आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. त्याने ती मक्तबमध्ये ऐकली होती. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं. तिने त्याला स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-कीटक खाऊन जगायला मोकळंही सोडलं नाही. मांजर मेलं आणि त्या बाईला त्याची शिक्षा झाली. लहानपणी मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती बाई दुष्ट वाटायची. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की ती कदाचित दुष्ट नसेलही. कदाचित तिने घरातलं काहीतरी मांजरापुढे टाकलं असेल आणि “खाईल भूक लागल्यावर” म्हणून आपल्या कामाला लागली असेल. मला ठाऊक नाही. पण आम्ही तरी तेच केलं होतं.

प्रत्येक जीवाचं रिझ्क अल्लाहने आपल्याकडे घेतलं आहे यावर आपला ईमान आहे. समुद्रात त्या माशाला त्याचा घास मिळतच होता. आम्ही त्याला तिथून उचललं, काचेत ठेवलं, तेव्हा त्याच्या घासाची वाट आमच्या हातून जाऊ लागली. नुकताच रमजान संपला होता. दिवसभराची भूक काय असते हे तोंडाला ताजं होतं. पण आमच्या भुकेला मगरिबची अजान होती. नवाबाच्या भुकेला ती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर भटारखाना झालं. विद्यार्थ्याने आर्टेमियाची अंडी आणून दिली. बारीक तपकिरी पूड, चिमूटभर पुडीत हजारो अंडी. सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगायची, समुद्राचं पाणी भरायचं, हवेची नळी सोडायची आणि वर दिवा. एप्रिलच्या उकाड्यात चोवीस तासांत पिल्लं बाहेर येतात. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात, आणि पिल्लं नारिंगी धुरासारखी खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ती नळीने काढायची, माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यात गाळायची, धुवायची आणि लगेच द्यायची. उशीर केला तर पिल्लांच्या अंगातला जन्मतःचा साठा संपतो, मग त्या घासात दम राहत नाही.

आता क्लाउनफिशचा प्रश्न. ते नवाबाला काही मिळूच द्यायचे नाहीत. मग आम्ही प्लास्टिकच्या टोपलीला बारीक जाळी शिवली आणि ती टाकीच्या एका कोपऱ्यात टांगली. जेवणाच्या वेळी नवाबाला तिच्यात घ्यायचं. तेही जाळीने नाही, पेल्याने, कारण त्याच्या गालाजवळ काटे असतात आणि ते जाळीत अडकतात. त्याच्या अंगावर खवलं नसतात, नुसता बुळबुळीत थर असतो, त्याला खरचटलं की जखम होते. मग पंप बंद करायचा आणि औषधाच्या ड्रॉपरने त्याच्या तोंडापुढे पिल्लं सोडायची.

पहिल्या दिवशी त्याने बघितलं. दुसऱ्या दिवशी एक टोचा. मुलगा इतका जोरात ओरडला की शेजारच्या खाला धावत आल्या.

मुलाने शंभर पानी वही केली. वेळ, काय दिलं, मिनिटाला किती टोचे, पोट कसं: आत, सपाट की गोल. पहिल्या पानावर सगळीकडे ‘आत’ लिहिलेलं आहे.

आणि मग आमची दुसरी चूक झाली. नवाब खातो आहे म्हटल्यावर आम्हाला राहवेना. मी एका दिवसात चार बाटल्यांची पिल्लं टाकीत ओतली, वर चिरलेला जवळा, क्लाउनफिशनाही भरपूर. खाऊ दे, महिन्याची भर निघू दे. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं होतं आणि दोन्ही क्लाउनफिश वर येऊन तोंड उघडत होते. उरलेलं अन्न कुजून त्याचा अमोनिया होतो. दगडांवरचे सूक्ष्म जीव तो पचवतात, पण त्यांचीही एक मर्यादा असते, आणि सत्तर लिटर पाण्यात ती फार लवकर येते. आम्ही रात्रभर बादल्यांनी पाणी बदललं. फजरपर्यंत एक क्लाउनफिश गेला होता. जो कधी उपाशी नव्हता, तोच माझ्या मायेने मेला.

मुलाने वहीत त्या दिवशी फक्त एवढंच लिहिलं, ‘जास्त’.

आर्टेमियावर मँडारिन कायमचा जगत नाही, त्याला त्याचं खरं अन्न हवं, असं विद्यार्थ्याने बजावलं होतं. खरे कोपेपॉड कुठून आणायचे? मोठ्या शहरात ते बाटलीत विकत मिळतात. आम्ही रत्नागिरीत. तेव्हा भाई म्हणाला, “विकत कशाला? कातळावरच्या डबक्यांत काय कमी आहेत? अब्बा असते तर हसले असते. आपण जन्मभर मासे मारले, आणि आता एका माशाला भरवायला निघालो.”

अब्बांचं नाव निघालं आणि त्यांची शिकवण कामाला आली. अब्बा घड्याळाकडे न बघता समुद्राची वेळ सांगायचे. चांद बघा, म्हणायचे. चांदरात आणि चौदावीच्या चंद्राच्या आसपास उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते, आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, तीही अशी की एरवी पाण्याखाली असलेला कातळ उघडा पडतो. पुढे दर दिवशी ती वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मोहल्ल्यात चांद दिसला की आम्हाला ईद आठवते, अब्बांना त्याबरोबर ओहोटीही आठवायची.

मग आम्ही चांद बघून निघू लागलो. फजरची नमाज झाली की भाई, मी आणि मुलगा बादली घेऊन कातळावर. ओहोटीने मागे सोडलेल्या डबक्यांतलं हिरवं शेवाळ पाण्यात खळबळायचं, ते पाणी आधी चहाच्या गाळणीतून गाळायचं म्हणजे शिंपले, खेकड्यांची पिल्लं मागे राहतात, मग मलमलमधून. ओढणीवर जे उरायचं ते काचेच्या बरणीत घेऊन उन्हाकडे धरलं की आत ठिपके उड्या मारताना दिसायचे. मुलगा भिंगातून तपासायचा, नको ते जीव काढून टाकायचा. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. मला आठवत नाही की त्याआधी कधी मी माझ्या मुलाबरोबर सलग इतक्या पहाटे घालवल्या होत्या.

ते जीव दगडांवर सोडले की नवाब बदलून जायचा. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरायचे. एका ठिपक्यावर थांबायचा, नेम धरायचा, टोचायचा. मुलगा मोजायचा. मिनिटाला चार टोचे होते त्याचे दहा झाले, मग पंधरा. वहीत पहिल्यांदा ‘सपाट’ आलं.

एका दुपारी मी टाकीसमोर बसून त्याचं खाणं बघत होते. एक घास, मग थांबणं. थोडं फिरणं. पुन्हा एक घास. घाई नाही, ताट संपवण्याची कल्पनाच नाही. आणि मला एकदम अब्बा आठवले.

अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटचे चार महिने त्यांचं अन्न तुटलं होतं. मी शाळेतून थेट माहेरी जायची, ताट वाढून त्यांच्यासमोर बसायची. भात, सुरमईचं कालवण, घावणे, त्यांना आवडायचं ते सगळं. “अब्बा, एवढं संपवा. डॉक्टरांनी सांगितलंय, ताकद यायला हवी.” ते दोन घास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. मी आर्जवं करायची, मग चिडायची. एकदा तर म्हणाले, “अन्नाचा अपमान करता तुम्ही.” ज्यांनी आयुष्यभर ताटातलं शीतही वाया जाऊ दिलं नाही त्यांना मी हे बोलले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अजून एक घास घेतला आणि तो त्यांना ठसक्याने बाहेर काढावा लागला.

भाभी मात्र वेगळंच करायच्या. दर तासा-दीड तासाने वाटीत चार चमचे पेज. कधी भाजलेल्या सुकटीचा नखाएवढा तुकडा, कधी शहाळ्याचं दोन घोट पाणी. देताना गप्पा, खाल्लं तर ठीक, नाही तर वाटी परत. मला वाटायचं, या लाड करतात, म्हणून अब्बा ताटावर जेवत नाहीत. मी तसं भाईला बोलूनही दाखवलं होतं.

नवाबासमोर बसून मला कळलं की भाभींनी अब्बांचं पोट बघितलं होतं आणि मी ताट बघत होते. मी माझ्या समाधानाच्या मापाने वाढत होते. चार चमचे हेच त्यांचं पूर्ण जेवण होतं, आणि ते जेवण त्यांना शेवटपर्यंत मिळालं ते भाभींमुळे.

त्या संध्याकाळी मी राजिवड्याला गेले आणि भाभींना हे सगळं सांगितलं. माफीही मागितली. त्या मासे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “जाऊ द्या हो, तुमचाही जीव तुटत होता.” आणि मग थोड्या वेळाने, “तुमच्या नवाबाला गाबोळी देऊन बघितलीत का? दाण्यादाण्याने सुटते, मऊ असते.”

गाबोळी! आम्हाला सुचलंच नव्हतं. भाभींनी एका छोट्या माशाची ताजी गाबोळी काढून दिली. मुलाने ती समुद्राच्या पाण्यात हलवून दाणे सुटे केले आणि आर्टेमियाच्या पिल्लांत थोडे मिसळून ड्रॉपरने दिले. तीन दिवस नवाबाने पिल्लं वेचली आणि गाबोळीचे दाणे सोडले. चौथ्या दिवशी एक दाणा चुकून तोंडात गेला. तो थुंकला. पुन्हा घेतला. या वेळी गिळला. मेच्या अखेरीस तो रोज काही दाणे खात होता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जून आला.

१ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी, भाईची होडी किनाऱ्यावर ओढलेली. आठवडाभरात पाऊस सुरू झाला. काजळी नदीचं गढूळ पाणी भाट्याच्या खाडीतून समुद्रात उतरू लागलं. कातळावरची डबकी पावसाच्या पाण्याने गोडी झाली आणि त्यांतले आमचे ठिपके दिसेनासे झाले. लाटांत कातळावर पाय ठेवणंही शक्य नव्हतं. टाकीसाठी समुद्राचं पाणी आणणं बंद झालं, विकतच्या मिठाचं पाणी करायला लागलो. त्यातच १५ जूनला शाळा सुरू होणार. माझी आणि मुलाचीही. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच घर बंद. सुट्टीत आम्ही नवाबाला दिवसातून सहा-सात वेळा भरवत होतो. आता दोनदा, फार तर तीनदा.

पहिल्या आठवड्यात वहीतले टोचे पंधराचे आठ झाले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ‘आत’ हा शब्द आला.

मुलगा म्हणाला, “मी शाळा बुडवतो.” मी म्हणाले, “किती दिवस?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री आम्ही पुन्हा त्या हदीसवर आलो. या वेळी मी त्याला तिचा दुसरा भाग दाखवला, जो एरवी आपल्या लक्षात राहत नाही. त्या बाईपुढे वाटा दोन होत्या. खायला देणं किंवा सोडून देणं. पहिली जमत नसेल तर दुसरी उरतेच.

“समुद्रात सोडू?” त्याने विचारलं.

ते करून चालणार नव्हतं. हा आपल्या किनाऱ्याचा मासा नाही. पावसाळ्यातल्या या गढूळ, अर्ध्या गोड्या पाण्यात तो एक दिवसही टिकला नसता. आणि परक्या समुद्रातला, टाकीत राहिलेला जीव आपल्या समुद्रात सोडला तर त्याच्याबरोबर कोणता रोग जाईल हे सांगता येत नाही. सोडणं म्हणजे नजरेआड करणं नव्हे. ज्याच्याकडे त्याचा घास आहे, त्याच्यापर्यंत त्याला पोचवणं.

माझ्या विद्यार्थ्याने चौकशी केली. कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे सहाशे लिटरची टाकी होती, सात-आठ वर्षं चाललेली. मुख्य टाकीला जोडून एक वेगळा कप्पा होता. त्यात फक्त समुद्री शेवाळ आणि रात्रभर दिवा. त्या शेवाळात कोपेपॉड वाढतात, मोठ्या माशांच्या तोंडून सुरक्षित राहतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे मुख्य टाकीत येत राहतात. दिवसभराचं जेवण, कोणी न वाढता. त्यांच्याकडे दुसरा मँडारिन नव्हता, हेही आम्ही विचारून घेतलं, कारण दोन नर एकमेकांना जगू देत नाहीत.

समुद्राच्या काठावर ज्याचं पोट भरलं नाही, त्याचं अन्न आंबा घाट चढून कोल्हापुरात होतं. रिझ्क कोणाचं कुठे लिहिलेलं असतं!

मुलाला हे पटवून घ्यायला चार दिवस लागले. तो भांडला नाही. फक्त टाकीसमोर बसून राहायचा. मला प्रेषित मुहम्मद (स.) आणि लहानग्या अबू उमैरची गोष्ट आठवली. त्या मुलाचा पाळलेला छोटा पक्षी मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची जवळ जाऊन विचारपूस केली होती. केवढ्या जबाबदाऱ्या त्यांच्या खांद्यावर होत्या, तरी एका पोराच्या पक्ष्याचं दुःख त्यांना लहान वाटलं नाही. म्हणून मी मुलाला “मासाच तर आहे” असं म्हटलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. तोच थर्माकोलचा डबा, तशीच प्राणवायूची पिशवी, आणि तो पुन्हा मुलाच्या मांडीवर. घाटात धुकं होतं. प्रत्येक वळणावर तो दोन्ही हातांनी डबा धरत होता. कोल्हापूरला त्या गृहस्थांनी पिशवी टाकीवर तरंगत ठेवली, हळूहळू आतल्या पाण्यात टाकीचं पाणी मिसळलं आणि तासाभराने नवाबाला सोडलं. तो तळाशी गेला. एका दगडाखाली थांबला. आणि दहाएक मिनिटांनी त्याने दगडावर पहिला टोचा मारला. मग दुसरा, मग लगोलग तिसरा. मुलगा ओठांतल्या ओठांत मोजत होता. मिनिटाला वीसच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडलं.

निघताना त्याने वहीतली गाबोळीची पानं त्या गृहस्थांना फोटो काढून घ्यायला दिली. “हे पण खातो,” एवढंच म्हणाला.

आमच्या टाकीत आता एकटा क्लाउनफिश आहे. तो दाणा खातो, मजेत आहे. अजून एखादा मासा आणूया का, असं मी एकदा म्हटलं तर मुलाने विचारलं, “तो काय खातो ते आधी कळेल का?” हा प्रश्न आम्ही त्या ईदला विचारला होता, पण उत्तर देणाऱ्याला तो मासा विकायचा होता आणि आम्हाला तो हवा होता. आपल्या घरात पोपट येतो, कासव येतं, बकरी ईदच्या आधी महिनाभर बोकड येतो. मुलांचा आनंद असतो, तो असावाच. फक्त दोर बांधण्याआधी, काच बसवण्याआधी त्या जीवाचं जेवण काय, केवढं आणि किती वेळा, हे त्याच्या मापाने विचारून घ्यावं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटाबाबतही, मी तर म्हणेन, तेच.

अडीच महिन्यांनी कोल्हापूरहून फोटो आला. नवाब समोरून टिपलेला, झगमगीत, निळा-नारिंगी. मी म्हणाले, “बघ, केवढा छान दिसतोय!” मुलाने फोटो पाहिला आणि माझ्याच मोबाइलवरून उत्तर लिहिलं, ‘अंकल, वरून काढलेला पाठवाल का?’

संध्याकाळी दुसरा फोटो आला. पाण्याच्या हलत्या पृष्ठभागातून काढलेला, थोडा अस्पष्ट. पण डोक्यामागची पाठ भरलेली होती, सुरीची धार कुठेच नव्हती. मुलाने कपाटातून ती शंभर पानी वही काढली, शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि ‘पोट’ या रकान्यात लिहिलं, ‘गोल’. मग वही मिटून तो मगरिबच्या वजूसाठी उठला.